तेरा डिसेंबरचा मंगळवार

(भंडारदऱ्याजवळ शेंडी इथे झालेल्या बैठकीतलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे दिलं आहे. ज्यांना वाचता येतं त्यांनी वाडीवर वाचून दाखवावं.)



मागच्या बैठकीत आम्ही वनहक्क कायद्याचे नियम वाचून दाखवत होतो. "१३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताबा असला पाहिजे" हे वाक्य आलं, तेव्हा साम्रदकडचे एक बाबा मागून उठले आणि म्हणाले, "त्या दिवशी काय झालं होतं? कोणी मोठं माणूस मेलं का? आमच्या जमिनीचा आणि त्या दिवसाचा काय संबंध?" सगळे हसले. आम्ही "त्या दिवशी कायदा संसदेत आला" एवढं सांगून पुढचं पान उलटलं. पण घरी जाताना वाटलं, बाबांचा प्रश्न बरोबर होता आणि आमचं उत्तर अर्धवट होतं. म्हणून आज तेवढंच सांगणार आहोत.

खरं सांगायचं तर त्या दिवशी काही झालं नाही. म्हणजे दिल्लीत रोज जे होतं तेच झालं. आणि तो रोजचा दिवस आता आपल्या बांधावर येऊन बसला आहे.

रोजचा दिवस म्हणजे काय, ते आधी ऐका. आमच्यातले दोघं २००६ च्या हिवाळ्यात धरणं धरायला दिल्लीला गेले होते. जंतर मंतरच्या रस्त्यावर थंडीत झोपायचं आणि दिवसा घोषणा द्यायच्या. एका खासदाराच्या सहीने लोकसभेच्या गॅलरीत बसायचा पास मिळाला. दरवाजावर तीनदा झडती घेतली. तंबाखूची पिशवी काढून घेतली, चुन्याची डबी काढून घेतली, वही-पेनसुद्धा आत नेऊ दिलं नाही. आत बसल्यावर शिपायाने सांगितलं, पायावर पाय टाकायचा नाही, कठड्यावर वाकायचं नाही, बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही. ज्यांच्यासाठी कायदे होतात त्यांनी वर गप्प बसायचं, अशी ती व्यवस्था.

खाली बघितलं तर दुपारची वेळ, बाकं बरीचशी रिकामी. एक जण बोलत होता, शेजारचा पेपर चाळत होता, दोघं-तिघं मागे उभे राहून गप्पा मारत होते. आमचा जो सोबती होता तो कानात म्हणाला, "आपली ग्रामसभा यापेक्षा भरते रे." शिपायाने डोळे वटारले.

लोकसभेचा दिवस सकाळी ११ वाजता सुरू होतो. पहिला तास प्रश्नांचा. ज्या प्रश्नावर खूण असते तो तारांकित, त्याला मंत्री तोंडी उत्तर देतो. रोज असे २० प्रश्न छापलेले असतात, पण तासाभरात चार-पाचच होतात. बाकीच्यांची उत्तरं छापून मिळतात. १२ वाजले की मंत्री एकेक करून उठतात आणि "अमुक महामंडळाचा वार्षिक अहवाल पटलावर ठेवतो" असं म्हणून बसतात. कोणी वाचत नाही, पण ठेवल्याची नोंद होते. मग येतो शून्य प्रहर. यात खासदार उठून आपल्या भागातली तातडीची गोष्ट ओरडून सांगतात. हा शून्य प्रहर नियमांच्या पुस्तकात नाहीच बरं का! रूढीने आला, वहिवाटीने चालू आहे, आणि कोणी त्याला अतिक्रमण म्हणत नाही. आपली डोंगरावरची वहिवाट मात्र पुस्तकात नव्हती म्हणून शंभर-दीडशे वर्षं आपण चोर ठरलो.

१ वाजता जेवणाची सुट्टी. २ नंतर कायद्यांचं काम. संध्याकाळी ६ च्या सुमारास सभागृह उठतं. कधी गोंधळ झाला तर अकराला बसून सव्वाअकरालाच उठतं. हा झाला त्यांचा दिवस.

आता २००५ चा तो मंगळवार. चार वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, याच तारखेला संसदेवर हल्ला झाला होता, तेव्हा पहारा कडक असणारच. शिवाय आदल्याच दिवशी, सोमवारी, टीव्हीवर सगळ्या देशाने एक चित्र बघितलं होतं: सभागृहात प्रश्न विचारायचे म्हणून काही खासदार पैसे घेत होते. त्याची चौकशी होऊन २३ डिसेंबरला लोकसभेने आपले १० आणि राज्यसभेने आपला १ सदस्य काढून टाकला. त्या आठवड्यात दिल्लीत सगळ्यांच्या तोंडी तोच विषय. आपण ज्याला मोर्चे काढून, सह्या करून, जेलमध्ये जाऊन मागत होतो तो कागद त्या गडबडीत मांडला गेला.

कागद मांडायची रीत अशी असते. मंत्री उठतो आणि म्हणतो, "मला हे विधेयक मांडायची परवानगी द्यावी." अध्यक्ष सभागृहाला विचारतात. कोणी आडवं गेलं नाही तर "हो" असा आवाज येतो. मंत्री म्हणतो, "मी विधेयक मांडतो," आणि खाली बसतो. एवढंच. चहा फुंकून प्यायला याहून जास्त वेळ लागतो. तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते सोमनाथ चटर्जी, आणि आदिवासी कार्य खात्याचे मंत्री होते मेघालयातले पी. आर. किंडिया. त्या दिवशीच्या कामकाजाच्या यादीतली ती एक ओळ होती. वर किती ओळी, खाली किती ओळी.

आणि त्या कागदात काय होतं? त्यात १३ डिसेंबर ही तारीखच नव्हती! त्यात तारीख होती २५ ऑक्टोबर १९८०. म्हणजे ज्या दिवशी वनसंवर्धन कायदा आला तो दिवस. त्या दिवसाच्या आधी ज्याची जमीन कसत होती त्यालाच हक्क, तोही अडीच हेक्टरपर्यंत, म्हणजे सव्वासहा एकर. आता आपल्याकडे बघा. बहात्तरच्या दुष्काळानंतर ज्याच्या बापाने डोंगर फोडून नागली पेरली तो कदाचित आत आला असता, पण पुरावा आणणार कुठून? आणि ज्या पोराने वेगळं निघाल्यावर ब्याऐंशी-त्र्याऐंशी साली शेजारचा तुकडा काढला तो सरळ बाहेर. दोन भाऊ, एकच बांध, एक हक्कदार आणि दुसरा अतिक्रमणवाला. म्हणून विधेयक आलं तेव्हा आम्ही गुलाल उधळला नाही, हे जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल.

मग ते विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीचे प्रमुख होते आंध्रातले किशोर चंद्र देव. समितीचं काम टीव्हीवर दिसत नाही, तिथे ओरडाआरडा नसतो, कागद-पत्रं आणि साक्षी असतात. देशभरातल्या जंगल भागातल्या संघटनांनी तिथे आपलं म्हणणं मांडलं. मे २००६ मध्ये समितीचा अहवाल आला, आणि त्यात म्हटलं होतं की १९८० ही तारीख अन्यायाची आहे, ज्या दिवशी विधेयक मांडलं तोच दिवस धरा. तारीख पंचवीस वर्षं पुढे सरकली. एका ओळीने. अडीच हेक्टरचे चार झाले, म्हणजे जवळपास दहा एकर. आदिवासी नसलेले पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणारेसुद्धा कायद्यात आले, त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, पुरावा द्यावा लागतो. समितीने सांगितलेलं सगळंच काही सरकारने घेतलं नाही, पण तारीख घेतली.

तर बाबा, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तो दिवस मोठा नव्हता. तो नंतर मोठा केला गेला. विधेयक १२ डिसेंबरला मांडलं असतं तर आज आपण १२ डिसेंबर म्हणत बसलो असतो.

पुढचं थोडक्यात. १५ डिसेंबर २००६ ला, शुक्रवारी, लोकसभेने ते मंजूर केलं. १८ तारखेला राज्यसभेने. २९ डिसेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. तेव्हा मात्र गुलाल उधळला. आणि मग? मग वर्षभर तो कायदा दिल्लीच्या कपाटात. मंजूर झाला, सही झाली, छापला, पण लागू नाही! कायदा लागू झाला ३१ डिसेंबर २००७ ला आणि नियम निघाले १ जानेवारी २००८ ला. ज्याला कोणाला वाटतं की संसदेत हात वर झाले म्हणजे काम झालं, त्याने हे वर्ष लक्षात ठेवावं. आपल्या इथल्या जुन्या माणसांना हे सांगायला नको. धरण १९२६ साली पुरं झालं, पाणी खाली बागायतीला गेलं, आणि काठावरच्या वाड्यांना त्याच धरणाचं पाणी प्यायला मिळायला किती वर्षं लागली ते तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो.

आता मुद्द्याचं. त्या मंगळवारी तुम्ही कुठे होता?

हसू नका. हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणार आहे. एका वाडीवर आम्ही विचारून बघितला. मुंबई पाण्यात बुडाली ते साल, दत्तजयंतीच्या तोंडावरचा मंगळवार. आठवायला वेळ लागला, मग एकेक जण सांगू लागला. कोणाची मळणी संपली होती आणि पेंढा रचून झाला होता. आणि निम्मी वाडी होतीच कुठे? नारायणगावला! कांद्याला, टोमॅटोला, द्राक्षाच्या बागेत. पोरांना पाठीशी घेऊन, रस्त्याच्या कडेला पाल टाकून. सकाळी मजुरांच्या बाजारात उभं राहायचं, कोणी नेईल त्याच्याबरोबर जायचं. एक मावशी म्हणाल्या, "मी तर हितं नव्हतेच. शेतात बी काही नव्हतं. मग माझा ताबा गेला का?"

मंडळी, हे नीट ऐका, कारण यावरच आपले बरेच जण फसणार आहेत. आपल्याकडे पाऊस धो धो, पण पीक एकच. नागली, वरई, खुरासणी सगळं डिसेंबरच्या मध्यापर्यंत निघून जातं. खाचरात भाताची धसकटं उरतात आणि डोंगरउतारावरची वरकस जमीन उघडी पडते. त्या दिवसाचा आकाशातून काढलेला फोटो बघितला तर उघडा माळच दिसणार. उद्या कोणी साहेब म्हणेल, "इथे तर काही पेरलेलंच नाही." कायद्याने पीक उभं असायला सांगितलेलं नाही. कायदा ताब्याबद्दल बोलतो. मजुरीला गेलेल्या माणसाची जमीन पळून जात नाही. घराला कुलूप लावून बाजाराला गेलं म्हणजे घर सोडलं असं होत नाही.

तेव्हा पुरावा कशाचा? नियम १३ बघा. त्यात नुसता फोटो नाही. जमीन सपाट केलेली, ताल घातलेले, दगडी बांध, झोपडी, विहीर, हे जमिनीवर दिसणारं सगळं पुरावा आहे. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब हाही पुरावा आहे, फक्त तो दावेदाराने स्वतःच्याच दाव्याला देऊन चालत नाही. रेशन कार्ड, मतदानाचं कार्ड, घरपट्टीची पावती, सरकारी दप्तरातला कुठलाही कागद चालतो. मात्र एकाने भागत नाही, एकाहून जास्त लागतात. वरकस जमीन आपण दोन-चार वर्षं पडीक टाकतो, तसा एखादा तुकडा असेल तर त्याचे बांध दाखवा, राबाची जागा दाखवा, आणि कोणत्या साली नागली होती आणि कोणत्या साली खुरासणी, ते म्हाताऱ्या माणसांकडून जबाबात लिहून घ्या. नुसतं "वडिलोपार्जित आहे" म्हणून चालणार नाही.

आणि दंडाच्या पावत्या! इतकी वर्षं आपण त्या लाजेने लपवल्या. कोणी चुलीत घातल्या. एका आजीने मात्र पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती, ती नसली तर पुन्हा दंड घेतील या भीतीने. त्या पावतीवर साल आहे, गाव आहे, "अतिक्रमण करून नांगरट केली" असं लिहिलं आहे, खाली सही आहे. सरकारनेच लिहून दिलं की ही बाई त्या साली ही जमीन नांगरत होती! याहून मोठा साक्षीदार कुठून आणणार? ज्यांच्याकडे असेल त्यांनी मूळ पावती कोणाच्याही हातात देऊ नका. झेरॉक्स द्या. साहेबाने कितीही गोड बोलून मागितली तरी झेरॉक्सच.

काही जण सांगत फिरतात की आपली गावं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहेत म्हणून हा कायदा इथे नाही. खोटं आहे. कायद्याने वनजमिनीची जी व्याख्या केली तिच्यात अभयारण्य धरलेलं आहे. आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही, हेही कायद्यातच आहे. विचारणाऱ्याला कलम ४ चं पोटकलम ५ दाखवा.

आता शेवटची आणि सगळ्यात अवघड गोष्ट. वर सांगितलं की लोकसभेत बाकं रिकामी होती. तिथे तेव्हा एकूण ५४५ माणसं. कामकाज चालायला त्यातली दहातली एक लागतात, म्हणजे ५५. तेवढीही नसली तर घंटा वाजवतात, मग चहाच्या खोलीतून चार जण धावत येतात. ५५ माणसांवर सगळ्या देशाचा कायदा चालू शकतो. आणि आपल्याला? वनहक्काची ग्रामसभा व्हायची तर नियमाने गावातल्या सगळ्या प्रौढ माणसांपैकी निम्मी हजर पाहिजेत. समजा वाडीत ३०० प्रौढ आहेत, तर १५० पाहिजेत. बायका धरून. त्यांना दहातला एक पुरतो आणि आपल्याला निम्मे! हा न्याय कोणी केला ते आम्हाला विचारू नका. त्याविरुद्ध बोलू, निवेदन देऊ, पण तोवर नियम आहे तो आहे, आणि कोरम नव्हता एवढ्या कारणावरून दावे उडवायला फार हुशारी लागत नाही.

आणि आत्ता गाव कुठे आहे? निम्मं नारायणगावला. ग्रामसभेने दावे मागवले की तिथून तीन महिन्यांची मुदत सुरू होते. म्हणजे गाव मजुरीला गेलेलं असताना घाईने ग्रामसभा उरकली, तर कोरम खोटा आणि मुदतही वाया. आम्ही आपसांत बोललो, भांडलोही. एक म्हणणं असं होतं की ताबडतोब सुरू करा, सरकारचा मूड बदलायच्या आत. दुसरं म्हणणं, शिमग्याला सगळे घरी येतात, तेव्हा ग्रामसभा घ्या. आमचं मत शिमग्याच्या बाजूने झालं. होळीला लांब गेलेला माणूसही येतो, सुना-लेकी येतात. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी टाकून झिंगायच्या आत, ग्रामसभा बसली पाहिजे. दवंडी आधी द्यायची, आणि नारायणगावच्या बाजारात जाऊन आपल्या लोकांना तारीख सांगायचं काम तरुण पोरांनी घ्यायचं. त्यासाठी एसटीचं भाडं वाडीने वर्गणीतून द्यावं.

ग्रुप ग्रामपंचायत असेल तिथे चार गावांची मिळून एक ग्रामसभा भरवायला जाऊ नका, निम्मे कधीच जमणार नाहीत. आपला हा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. इथे कायद्याच्या दृष्टीने वाडी-पाडाही गाव ठरू शकतो. वाडीची ग्रामसभा वेगळी मागा, लेखी मागा, पोच घ्या.

त्याच सभेत वनहक्क समिती निवडायची आहे, १० ते १५ जणांची, आणि त्यात तीनातली एक बाई पाहिजेच. नुसती नावाला नको. जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावाने मिळणार आहे, तेव्हा बांध कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे बाईला विचारा. निंदायला, कापायला तीच असते, गड्याला अर्ध्या वेळा माहीत नसतं. (इथे बायका हसल्या आणि गडी गप्प बसले, हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत.)

आणि वही. लोकसभेत बोललेला शब्दन्‌शब्द लिहून घ्यायला माणसं बसलेली असतात. सदस्य शिंकला तर तेवढं सोडतात. त्या मंगळवारी मंत्री दोन वाक्यं बोलले असतील, पण ती लिहिली गेली म्हणून आज ती तारीख आहे. आपल्याकडे प्रोसिडिंग बुक ग्रामसेवकाच्या पिशवीत असतं आणि आपण कोऱ्या पानावर अंगठे देऊन घरी येतो. या वेळी ते चालणार नाही. सभा सुरू किती वाजता झाली, किती माणसं, किती बाया, कोण काय बोललं, कोणाच्या दाव्यावर कोणी हरकत घेतली, सगळं सभेतच लिहायचं, सभेतच मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि मग सह्या-अंगठे. शेवटच्या सहीखाली रेघ मारायची, म्हणजे नंतर कोणी काही घुसडणार नाही. दुसरी प्रत वाडीतच ठेवायची. ज्यांच्या पोरी आश्रमशाळेत दहावी-बारावी झाल्या आहेत त्यांनी ते काम घ्यावं, अक्षर चांगलं असतं.

दाव्याची जागा बघायला समिती जाईल तेव्हा वनखात्याला लेखी कळवायचं. ते आले तर त्यांच्यासमोर मोजायचं. तेव्हा हजर राहून सही दिली असेल, तर उद्या "आम्हाला माहीतच नव्हतं" असं कोणाला म्हणता येत नाही. आले नाहीत तर "कळवलं होतं, आले नाहीत" असं वहीत लिहायचं आणि मोजायचं. पुढे कागद प्रांताच्या समितीकडे जातील, मग जिल्ह्याला. तिथे काय होईल ते आज सांगता येत नाही, पण तिथे जाणारा कागद आपल्या वाडीत बनतो.

पुढची बैठक शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात, इथेच. येताना प्रत्येक वाडीने प्रौढ माणसांची यादी आणा, बायांची वेगळी, आणि कोण कुठे मजुरीला गेलं आहे ते नावापुढे लिहा. पावत्या शोधा. डबे, ट्रंका, देव्हाऱ्यामागची जागा, सगळं बघा. आणि त्या मंगळवारी तुमच्या घरातलं कोण कुठे होतं, ते म्हाताऱ्या माणसांना विचारून या.